निळ्या धुराची साक्ष

आमचं घर धुरानं फोडलं असं मी म्हणते तेव्हा माझी सून हसते. तिला वाटतं मी चुलीच्या धुराविषयी बोलते. सासवांच्या गोष्टी चुलीपाशी सुरू होतात आणि चुलीपाशीच संपतात अशी तिची समजूत. मी सांगते, बाई, ट्रकच्या धुरानं. तेव्हा ती आणखी हसते. आता नांदेडात आमच्या खिडकीखालून दिवसभर ट्रक जातात आणि नव्या गाड्यांचा धूर डोळ्याला दिसतसुद्धा नाही. त्यामुळं धुराचा रंग कोणता यावरून एका आईच्या पोटचे दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर जातात, हे तिला खरं वाटत नाही. मी ते पाहिलं आहे. मी त्या दोघांच्या मधे बसले होते.

लातूरच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्याच्या बाजारामागं, डाळमिलींच्या रांगेला पाठ लावून आमचं घर होतं. आज तिथं क्लासेसच्या इमारती आहेत आणि गल्ली पोरांच्या सायकलींनी भरलेली असते. मागं एकदा गेले तर आमचं दार कुठं होतं तेही मला ओळखता आलं नाही. तेव्हा मात्र सकाळी डोळे उघडायच्या आधी मिलच्या पट्ट्याचा आवाज कानात शिरायचा, फटफट, फटफट, आणि तुरीच्या फोलपटाची बारीक धूळ दारातून, खिडकीतून, पत्र्याच्या फटीतून आत यायची. अव्वा, म्हणजे माझी आई, दुधावर झाकण ठेवायची, झाकणावर फडकं टाकायची, तरी साय पिवळसर दिसायचीच. घरात आम्ही पाच माणसं होतो. अव्वा, आप्पा आणि मी. आप्पांचा धाकटा भाऊ तात्या, आणि तात्याची बायको, तिला मी काकू म्हणायचे. मला सख्खं भावंड नव्हतं आणि तात्याला अजून मूल झालं नव्हतं, त्यामुळं दोन्हीकडची मीच लेक. काकू उदगीरकडची. तिच्या भाकरीचा पापुद्रा इतका पातळ निघायचा की अव्वासुद्धा कौतुक करायची. राग आला की ती कन्नडमध्ये बोलायची आणि आप्पांना ते सगळं कळायचं, हे तिला चांगलं ठाऊक असायचं.

आप्पांचं आडतीचं दुकान होतं. उंच, सडपातळ माणूस. सकाळी इष्टलिंगाची पूजा करून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून ते बाहेर यायचे तेव्हा घर गप्प व्हायचं. त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. ते हळू बोलायचे आणि तेच वाईट होतं, कारण त्यांचा शब्द ऐकायला माणसाला पुढं वाकावं लागायचं आणि वाकलं की तो शब्द लागायचा. “आज घुट्यात मीठ कोण टाकलं?” एवढं विचारून ते ताट बाजूला सारायचे, आणि उडदाचं घुटं केलेली बाई, मग ती अव्वा असो की काकू, दिवसभर नाक ओढत फिरायची. आजी-आजोबा गेले तेव्हा तात्या नुकता चालायला शिकला होता. आप्पांनी त्याला वाढवलं, शाळेत घातलं, शाळा सोडली तेव्हा बदडलं, लग्न करून दिलं आणि शेवटी एक जुना ट्रक घेऊन त्याच्या हातात दिला. ट्रक आप्पांचा, चालवणारा तात्या. उदगीरहून तूर लातूरला आणायची, लातूरची डाळ नांदेडला न्यायची, येताना मिळेल तो माल भरायचा. ज्याला आपण भाकर घातली त्यानं आपल्याला विचारल्याशिवाय श्वास घ्यावा हे आप्पांना सोसत नव्हतं असं आता मला वाटतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की तात्या हसला की आप्पांचं कपाळ आवळतं.

आणि तात्या लई हसायचा. गाडी घेऊन परत आला की गल्लीच्या तोंडापासून हॉर्न वाजवायचा, काकू पदर सावरत ओट्यावर यायची, आणि आप्पा आतून म्हणायचे, “आली वरात.”

भांडणाची सुरुवात एका इरकल लुगड्यानं झाली. पंचमीला काकू माहेरी गेली आणि येताना नवं हिरवं इरकल नेसून आली. तिच्या भावानं घेतलं होतं. आप्पांनी ते पाहिलं. त्याच सुमारास ट्रकमधलं ऑइल कमी व्हायला लागलं. रोज सकाळी पूजा झाली की आप्पा ट्रकपाशी जायचे, बोनेट उघडून इंजिनातली ऑइलची पट्टी उपसायचे, फडक्यानं पुसून पुन्हा आत घालायचे, पुन्हा काढायचे आणि उजेडात धरून बघायचे. पट्टीवरची खूण दिवसेंदिवस कोरडी राहायला लागली. आप्पा खाली वाकून चाकांमधली जमीन बघायचे. जमिनीवर डाग नसायचा.

एका सकाळी आम्ही सगळे चुरमुऱ्यांचा सुशीला खात ओसरीवर बसलो होतो. आप्पा पट्टी हातात घेऊनच आत आले.

“तात्या, परवा ऑइल घातलं हुतं ना?”

“व्हय.”

“मग गेलं कुठं?”

“गाडी ऑइल खाऊन राहिली आप्पा. मी मागंच सांगितलो तुमाला. धूर बगा ना कसा मारून राहिली.”

“गाडी ऑइल खात न्हाई,” आप्पा म्हणाले. “गाडी डिझेल खाती. ऑइल माणसं खातेत.”

तात्याचा घास तसाच हातात राहिला. “म्हंजे?”

आप्पांनी काकूच्या अंगावरच्या लुगड्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. मग पट्टी पुसत बाहेर गेले.

काकू उठली. तिनं ताटली जमिनीवर अशी ठेवली की चुरमुरे ओसरीभर उडाले. त्या दिवशी दुपारी तिनं मागच्या पडवीत तीन विटा मांडून वेगळी चूल पेटवली. अव्वा तिच्या पाया पडायची बाकी राहिली. “अगं, बोलतेत ते. त्यांचं बोलणं कवा मनाला लावून घेतीस?” काकू म्हणाली, “अक्का, मला काय बी बोलू द्या त्यांना. माझ्या भावानं दिलेलं लुगडं चोरीचं म्हणतेत व्हय?” आणि पुढचं सगळं कन्नडमध्ये, मोठ्यानं, दुकानाच्या दिशेला तोंड करून.

त्यानंतरचे दिवस मला आवाजांनी आठवतात. दोन पाटे, दोन वरवंटे. एक थांबला की दुसरा मुद्दाम सुरू व्हायचा. अव्वा वरणाला फोडणी द्यायची तर पडवीतून काकूची फोडणी तिच्यापेक्षा जोरात तडतडायची. तात्या गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी करून मुकाट चालत यायचा. आप्पा रोज पट्टी बघायचे आणि रोज ओट्यावरून, शेजारच्या मिलवाल्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, म्हणायचे, “आज बी प्याली बगा आमची गाडी.” लोक हसायचे. मोंढ्यात हमालसुद्धा तात्याला विचारायला लागले, “काय मालक, ऑइलचा भाव काय चाललाय?” तात्यानं एकाची गचांडी धरली. हमालांनी मग त्याची गाडी भरायचं नाकारलं. तात्या दिवसभर रिकाम्या ट्रकपाशी उभा राहिला, आणि संध्याकाळी आप्पा त्याच्यासमोरून सावकाश चालत घरी गेले.

शेवटी तात्यानंच सांगितलं, “नांदेडला सरदारजीकडं इंजिन दाखवू. तुमी सोबत चला. तुमच्या डोळ्यादेखत खोलू द्या. चोर निगालो तर गाडीला हात लावणार न्हाई.”

“येतो की,” आप्पा म्हणाले. “त्यो सरदार तुझाच दोस्त. दोघं मिळून काय नाटक करता ते बगायलाच येतो.”

माझी कॉलेजला सुट्टी होती आणि मावशी विष्णुपुरीला राहायची. मावसा धरणावर कामाला होते. मला मावशीकडं सोडायचं म्हणून मीही कॅबिनमध्ये चढले. तात्या स्टीअरिंगवर, मी मधे, आप्पा खिडकीपाशी. अव्वानं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. काकूनंही दिली होती, वेगळ्या फडक्यात. माझ्या मांडीवर दोन गाठोडी होती आणि मी भूक लागली तरी एकही सोडलं नाही.

अहमदपूर गेलं. कॅबिनमध्ये जळकट वास होता, तव्यावर तेल सांडून करपल्यासारखा. पुढं रस्ता उताराला लागला. तात्यानं अॅक्सिलेटरवरचा पाय काढला, गाडी इंजिनच्या जोरावर सावकाश उतरली, आणि खाली सपाटीला आल्यावर त्यानं पुन्हा पाय दाबला.

“आप्पा, आता बगा आरशात.”

आप्पांनी खिडकीबाहेरच्या आरशाकडं न बघता समोर बघितलं. “काळा धूर हाय. सगळ्या ट्रकचा असतो.”

“काळा डिझेलचा. त्याच्या कडंला बगा, निळा दिसतोय का न्हाई. निळा म्हंजे ऑइल जळून राहिलं.”

“मला काळा दिसतो.”

“तुमी बगितलंच न्हाई!” तात्या ओरडला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, “नंदे, तू बग. तू सांग कसला हाय.”

मी आप्पांच्या पुढ्यातून वाकून आरशात पाहिलं. मागं धुराचा लोळ उठला होता. मधला भाग काजळीसारखा काळा होता, पण उन्हात त्याची कडा विरत होती तिथं रंग वेगळा होता. नीळ जास्त झालेलं पांढरं धोतर वाळत घातल्यावर जसं दिसतं, तसा. काळा हवेत लगेच फाटत होता; हा निळसर रस्त्यावर बराच वेळ तरंगत राहायचा. मी पुन्हा पाहिलं. तात्या पाय काढून पुन्हा दाबत होता आणि दर वेळी तो निळा आधी यायचा, मग काळा.

“बोल की,” तात्या म्हणाला.

“निळा हाय,” मी म्हणाले.

आप्पांनी माझ्याकडं मान वळवली. आमची तोंडं वीतभर अंतरावर होती. ते म्हणाले, “कोणी पढवलं तुला? काकूनं?”

“मला दिसला तो सांगितला.”

“ज्याच्या घरचं खातीस त्याच्या डोळ्यानं बगावं,” आप्पा म्हणाले, आणि उरलेल्या रस्त्यात त्यांनी मांडीवरचा पंचा घट्ट आवळून धरला. लोहा गेलं, विष्णुपुरी आली. तात्यानं मावशीच्या वळणावर गाडी हळू केली. मी म्हणाले, “मला न्हाई उतरायचं. मी गॅरेजपर्यंत येणार.” आप्पा हसले. त्यांचं ते हसू मी फार कमी वेळा पाहिलं आहे, आणि कधीच चांगल्या प्रसंगी नाही. “येऊ दे,” ते म्हणाले. “साक्षीदार पाहिजेच की.”

सरदारजी मिस्त्रींचं गॅरेज नदीच्या अलीकडं, रस्त्याला लागून होतं. पिढ्यान्‌पिढ्या नांदेडात राहिलेलं शीख कुटुंब. मराठी, दखनी आणि शिव्या यांचं त्यांचं मिश्रण ऐकून मला आधी भीती वाटली. तुसडा माणूस. नमस्कार नाही, पाणी नाही. आप्पा म्हणाले, “माझा भाऊ म्हणतो गाडी ऑइल पिती. तुमी बी तेच म्हणणार, मला ठाऊक हाय.” सरदारजींनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाले, “मेरेकू तुमारे भाई से क्या करना? इंजिन बोलेगा सो मैं बोलेगा. नक्को तो गाडी उठाओ, निकलो.”

दोघंही मागं हटणारे नव्हते. शेवटी आप्पा एका उलट्या टायरवर बसले.

सरदारजींनी इंजिन सुरू ठेवून आधी फक्त धूर बघितला, तोंडात काडी चावत. “काळा लई हाय,” ते मराठीत म्हणाले. “काळ्याच्या आड निळा लपतो. आधी काळा काढू.” इंजिनाला हवा गाळून देणारा फिल्टर त्यांनी खोलला. त्याच्या तळाशी तेलाची वाटी असते; धूळ त्या तेलात अडकते आणि स्वच्छ हवा आत जाते. आमच्या वाटीत तेलाऐवजी चिखल होता. ती धुतली, नवं तेल घातलं, डिझेल फवारणारी नोजलं काढून साफ केली. इंजिन पुन्हा सुरू केलं तेव्हा काळा धूर जवळजवळ गेला होता आणि सायलेन्सरच्या नळीतून निळा धूर एकटाच, निवांत, बाहेर येत होता. लपायला त्याला जागा उरली नव्हती. मी आप्पांकडं बघितलं. ते पायाच्या बोटानं माती उकरत होते.

“रंग काय बी असतो,” ते म्हणाले. “त्यावरून ऑइल चोरीला गेलं न्हाई असं होत न्हाई.”

“वो भी देखेंगे,” सरदारजी म्हणाले. त्यांनी इंजिनावरचं, जिथून ऑइल ओततात ते झाकण, चालू इंजिनावर काढलं. आतून भक भक भक असा धूर उसळायला लागला, चुलीवरचं आधण उतू जावं तसा. मला म्हणाले, “ये पोरी, हात धर इथं.” मी तळवा धरला. आतून कुणी बुक्के मारावेत तसे गरम हवेचे धक्के बसले आणि हात तेलकट झाला. “व्हॉल्व्हचं ऑइल गळत असंल तर निळा येतो अन् जातो. हा जातच न्हाई. वर हे धक्के. पिस्टनच्या रिंगा गेल्या. जळणारी हवा खाली अन् ऑइल वर.” मग त्यांनी एकेका सिलिंडरचा डिझेलचा पाइप सैल करून पाहिला. पहिला सैल केला, धक्के तसेच. दुसरा, तसेच. तिसरा सैल केला तेव्हा माझ्या तळव्याखालचे बुक्के एकदम मऊ पडले. “कमी झालं,” मी म्हणाले. सरदारजींनी माझा हात बाजूला करून स्वतःचा धरला, मान हलवली आणि इंजिन बंद केलं.

आता खोलायचंच, असं ठरलं. मी मावशीकडं मुक्काम केला. तात्या आणि आप्पा एकाच धर्मशाळेत वेगवेगळ्या खोल्यांत राहिले. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गॅरेजवर गेले तेव्हा इंजिनाचं वरचं हेड निघालं होतं, खालचं चेंबर निघालं होतं आणि पिस्टन गोणपाटावर मांडले होते. तिसऱ्याच्या रिंगेचे तुकडे झाले होते. ज्या लायनरमध्ये तो वर-खाली फिरायचा तिथं उभ्या रेघा पडल्या होत्या. मी नख फिरवलं तर नख अडकलं. बाकीच्यांच्याही रिंगा पातळ झालेल्या. पिस्टनच्या डोक्यावर ओला, काळा, डांबरासारखा थर होता.

“बगा,” तात्या म्हणाला. त्याचा आवाज फाटला. “हे बगा आप्पा, इथं जळलं ऑइल.”

आप्पा वाकले. बोटानं थर खरवडून बघितला. “तू नीट चालवली न्हाईस म्हणून झालं,” ते म्हणाले.

“चालवून ऐसा नहीं होता,” सरदारजी म्हणाले. “ये मिट्टी है. इंजिन में मिट्टी गई.” ते उठले, फिल्टरपासून इंजिनाकडं जाणारा रबरी नळीचा वाकडा तुकडा घेऊन आले. त्याच्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती आणि वरून तारेनं आवळलेलं होतं. त्यांनी तार तोडली, ट्यूब उलगडली. आतली नळी पोटाशी उभी फाटलेली. फटीच्या कडेला पिवळसर धूळ बसली होती. आमच्या दुधावर बसायची तीच. “फिल्टर कितना भी धोव, हवा इदरसे जाती. बिना छने. किसने बांधा ये?”

तात्या आप्पांकडं बघत होता. मला तो दिवस आठवला. ओट्यासमोर ट्रक उभा होता, तात्या म्हणत होता नवी नळी आणू, आणि आप्पा पोत्याचं तोंड शिवावं तशी गाठ मारत म्हणाले होते, हे तुझ्या नव्या नळीपेक्षा जास्त टिकंल.

“मी बांधलं,” आप्पा म्हणाले. “घट्ट बांधलं हुतं.”

“घट्ट?” सरदारजींनी फाटलेल्या जागेतून बोट आरपार काढून दाखवलं आणि एक शिवी दिली. ती त्यांनी नळीला दिली की आप्पांना, हे कळलं नाही.

तात्या आप्पांच्या समोर येऊन उभा राहिला. तो कधी त्यांच्या इतका जवळ उभा राहत नसे. “आप्पा, आता म्हणा.”

“काय म्हणू?”

“मी चोर न्हाई म्हणा. हितं म्हणा, मग घरी चला, माझ्या बायकोसमोर म्हणा. त्या मिलवाल्यासमोर म्हणा, हमालांसमोर म्हणा.”

“इंजिन खराब निगालं म्हणून तू चांगला झालास व्हय?” आप्पांचा आवाज नेहमीसारखा हळू होता. “तिसऱ्या पिस्टनानं किती प्यालं अन् तू किती, ह्याचा हिशेब कोण देणार? ह्यो सरदार?”

तात्यानं हात उगारला. मी किंचाळले. सरदारजींनी मागून त्याचं मनगट धरलं आणि त्याला नावानं हाक मारून म्हणाले, “नक्को रे शिवा. बडा भाई है.” तात्याचा हात हवेत तसाच राहिला. आप्पा डोळे न मिटता उभे होते. मारलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं, अशी त्यांची नजर होती. मग तात्यानं हात खाली घेतला आणि मला म्हणाला, “नंदे, काकूला सांग, बोचकं बांधून ये म्हणावं. मी नांदेडलाच हाय.”

आप्पा आणि मी एसटीनं लातूरला परतलो. आप्पांनी घरात पाऊल टाकताच सांगून टाकलं, “मिस्त्री अन् तो मिळालेले हुते. रिंगा मोडक्या दाखवल्या, कुणाच्या का असंनात.” काकू पडवीच्या दारात उभी होती. अव्वा तिच्या मागं. ओट्यावर मिलवाला बसला होता, कारण आप्पांनीच त्याला हाक मारून बसवलं होतं.

मी अजून चप्पलही काढली नव्हती. अंगणाच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं, मिलच्या पट्ट्याच्या वर आवाज काढून, सगळं सांगितलं. निळा धूर सांगितला, झाकणातले धक्के सांगितले, रेघेत अडकलेलं नख सांगितलं. “ट्यूब आप्पांनी बांधली हुती. इंजिन धुळीनं खाल्लं. तात्यांनी एक थेंब बी विकला न्हाई.” गल्लीतली माणसं गोळा झाली होती. अव्वा तोंडावर पदर घेऊन रडत होती. लाजेनं की सुटल्यासारखं वाटून, हे मी तिला कधीच विचारलं नाही.

आप्पा माझ्यापाशी आले. “झालं तुझं?” त्यांनी विचारलं. मग अव्वाला म्हणाले, “हिचं ताट माझ्या पंगतीला मांडू नको.”

काकू त्याच दुपारी हिरवं इरकल नेसून, बोचकं काखेत मारून गल्लीच्या मधून चालत गेली. ओट्यासमोर थांबली. “भावजी, येते,” म्हणाली, मराठीत, शांतपणे. आप्पांनी वर पाहिलं नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते लांबवून सांगण्यात अर्थ नाही. ट्रक दुरुस्त होऊन आला, त्यावर एकामागून एक ड्रायव्हर आले आणि आप्पांच्या जिभेनं पळाले. मी स्वयंपाकघरात जेवायचे. आप्पा माझ्याशी बोलायचे ते अव्वाच्या तोंडून: “तिला म्हणावं कंदील पूस.” घरात तीन माणसांची तोंडं तीन दिशांना. आज माझ्या वयाला आल्यावर मला त्या माणसाची कधी कधी कीव येते. तेव्हा येत नव्हती. तेव्हा मी त्यांचा द्वेष करायचे, रोज, नेमानं, शाळेतला पाठ घोकावा तसा.

मग अव्वा आजारी पडली. मोठं काही नव्हतं, पण अंथरुणातून ती एकच धरून बसली, “तात्याला घेऊन या.” आप्पा आठवडाभर ऐकत राहिले आणि एका सकाळी मला, थेट मला, म्हणाले, “चल. तुला त्याची खोली ठाऊक असंल.”

तात्या तेव्हा दुसऱ्याच्या ट्रकवर होता आणि नांदेडात एका खोलीत राहायचा. आम्ही गेलो तेव्हा तो घरीच होता. काकूचे दिवस भरत आले होते. भिंतीचा आधार घेत ती उठली, आप्पांना पाट दिला, तांब्यात पाणी दिलं. मला जवळ घेतलं. तात्या दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, बारीक झालेला, आणि हसत नव्हता.

आप्पा म्हणाले, “तुझी वैनी आजारी हाय. झालं गेलं ते गेलं. चला घरी.”

“येतो,” तात्या म्हणाला. “आत्ता येतो. कशापायी गेलो हुतो तेवडं बोला.”

आप्पांनी तांब्या उचलला. वरून धार धरून सगळं पाणी पिऊन टाकलं. तांब्या खाली ठेवला. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. ओठ हलले, खरंच हलले, आणि मला वाटलं आता निघतो शब्द. आप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं, उठले आणि म्हणाले, “दिवस मावळायच्या आत घर गाठाया पाहिजे.”

तात्या दारातून बाजूला झाला. त्यानं त्यांना वाट दिली.

मी त्यांच्या मागून एसटी स्टँडवर गेले. रस्ताभर ते माझ्याशी बोलत होते, वर्षभराचं साचलेलं. “बगितलीस मिजास? मी त्याच्या उंबऱ्यात आलो, अजून काय पाहिजे त्याला? पाय धरू त्याचे?” लातूरची गाडी लागली होती. ते चढले, खिडकीपाशी बसले आणि शेजारची जागा पंचा टाकून धरली. मी खालीच उभी राहिले.

“चढ की,” ते म्हणाले.

“मी हितंच राहते आप्पा. काकूला बाळंतपणाला कोणी न्हाई. कॉलेज बी हितंच करते. अव्वाला मी येऊन भेटीन.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, त्या दिवशी कॅबिनमध्ये बघितलं होतं त्याहून जास्त वेळ. मला वाटलं शिवी देतील, उतरून ओढून नेतील. मी स्टँडच्या खांबाला धरून उभी होते. कंडक्टर तिकिटं फाडत त्यांच्यापर्यंत आला.

“दोन लातूर,” आप्पा म्हणाले.

“एक,” मी खालून म्हणाले.

कंडक्टर एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत थांबला. आप्पा समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत राहिले. मग त्यांनी शेजारचा पंचा उचलून मांडीवर घेतला, आणि तिथं, मधल्या वाटेत उभा असलेला कुणी एक म्हातारा येऊन बसला.